रुकी कार्ड नक्की कुठलं? हा घोळ सुरू कुठून झाला

अमेरिकन बेसबॉलपटू माइक ट्राउटचं रुकी कार्ड (खेळाडूचा फोटो छापलेलं, लोक जमवतात ते त्याचं पहिलं कार्ड) घ्यायचं ठरवून शोधायला बसलात की पाच मिनिटांत डोकं गरगरायला लागतं. एक कार्ड २००९ चं, बोमन क्रोम ड्राफ्ट या सेटचं, तेव्हा पोरगा मेजर लीगच्या (बेसबॉलची सगळ्यात वरची लीग) जवळपासही नव्हता. दुसरं २०११ चं, टॉप्स अपडेट या सेटचं, नंबर यूएस१७५. दोन्ही विकणारे छातीठोकपणे सांगतात की हेच खरं, आणि गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नाहीयेत. आता हे कसं काय, तर त्यासाठी बरंच मागे जायला लागतं.

मुळात हा च्युइंगगमचा धंदा. (त्याच्याही आधी सिगरेटच्या पाकिटातून कार्डं यायची, पण ते राहू दे.) पन्नासच्या दशकात अमेरिकेत बोमन आणि टॉप्स या दोन गम कंपन्यांची जुंपली होती. तेव्हाचा बेसबॉल स्टार मिकी मँटल, त्याचं रुकी कार्ड १९५१ च्या बोमनमधलं, नंबर २५३. पण लोक वेडे होतात ते १९५२ च्या टॉप्सच्या ३११ नंबरसाठी, जे रुकी कार्ड नाहीच! तो सेट साय बर्गर नावाच्या टॉप्सच्या माणसाने ब्रुकलिनमधे घरच्या किचन टेबलावर बसून जुळवलेला. ३११ ते ४०७ ही शेवटची सिरीज दुकानात इतक्या उशिरा आली की तोवर पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं, माल पडून राहिला, आणि १९६० मधे बर्गरने उरलेल्या पेट्या बार्जवर चढवून चक्क अटलांटिक समुद्रात बुडवल्या. त्याच ३११ नंबरचं एक कार्ड २०२२ मधे १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. म्हणजे 'पहिलं' आणि 'महाग' हे एकच असतं हा समज तेव्हाच बाद झाला होता, आपल्याला कळायला वेळ लागला एवढंच.

१९५६ मधे टॉप्सने बोमनला विकत घेतलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं जवळजवळ एकहाती राज्य केलं. त्या काळात प्रश्नच नव्हता, कंपनी एक तर पहिलं कार्डही एकच. फक्त टॉप्स नवख्यांना दाटीवाटीने बसवायची. १९६३ मधे पीट रोझचा चेहरा आणखी तिघांबरोबर, चार गोल मुंडकी एका कार्डावर. १९६८ मधे नोलन रायन आणि जेरी कूझमन शेजारी शेजारी. हवा असतो एक आणि सोबत दुसरा फुकट.

खरा गुंता १९८१ नंतरचा. कोर्टकचेऱ्या होऊन फ्लीअर आणि डॉनरस बाजारात उतरल्या. मग टॉप्स अपिलात जिंकली तर, तिचा हक्क गमसोबत विकायच्या कार्डांवर म्हणून, या दोघींनी गम काढून टाकला, एकीने स्टिकर घातले, दुसरीने कोड्याचे तुकडे, आणि दुकान चालूच. आता एकाच खेळाडूची एका वर्षात तीन तीन पहिली कार्डं. वर टॉप्सचा सीझनच्या शेवटी निघणारा 'ट्रेडेड' सेट, जो पाकिटात नाही तर अख्खा डब्यात, कार्डवाल्यांकडेच मिळायचा. कॅल रिपकनचं १९८२ चं नेहमीचं टॉप्स कार्ड आणखी दोन खेळाडूंबरोबर वाटून घेतलेलं, तर ट्रेडेडमधे तो एकटा. नियमाने रुकी कार्ड पहिलं, ट्रेडेडवाल्याला 'एक्सआरसी' (एक्स्टेंडेड रुकी कार्ड) म्हणायचं. लोकांनी जास्त पैसे मोजले दुसऱ्याला. साहजिक आहे, तीन डोकी कोणाला हवीत.

मग १९८९, अपर डेक. नवी कंपनी, जाड चकचकीत कागद, मागे होलोग्राम, फॉइलचं पाकीट. कार्ड नंबर १ कोणाचं ठेवायचं तर केन ग्रिफी ज्युनियर, जो तेव्हा मेजर लीगमधे एक मॅचही खेळलेला नव्हता. त्याच्या टीमच्या, सिअॅटल मरिनर्सच्या, टोपीतला त्याचा फोटोच नव्हता म्हणून मायनर (खालच्या) लीगच्या फोटोतली टोपी रंगवून मरिनर्सची केली. डाव जबरदस्त लागला, आणि तेव्हापासून पोरगा खेळायच्या आधीच त्याच्यावर पैसे लावायची चटक सगळ्यांना लागली. नव्वदच्या आसपास तर कंपन्यांनी कार्डं इतकी छापली की त्या काळाला आज 'जंक वॅक्स' म्हणतात, माळ्यावर पेट्याच्या पेट्या पडल्यात आणि कुत्रं विचारत नाही. ब्रायन टेलर आठवतो का कोणाला? १९९१ च्या ड्राफ्टमधे (टीम नवे खेळाडू निवडतात तो) यांकीज टीमचा पहिला नंबर, साडेपंधरा लाख डॉलरचा करार, १९९२ च्या टॉप्समधे कार्ड. १९९३ मधे कुठल्याशा मारामारीत खांदा गेला, मेजर लीगमधे एकदाही उतरला नाही.

हे फार झालं म्हणून २००६ पासून प्लेअर्स असोसिएशनने नियम केला की मेजर लीगच्या टीममधे आल्याशिवाय रुकी कार्ड नाही, आल्यावर कार्डावर 'आरसी' शिक्का. पहिल्याच वर्षी टॉप्सने स्वतःच घोळ घातला, अजून न खेळलेल्या अॅलेक्स गॉर्डनचं २९७ नंबरचं कार्ड छापून बसले, मग घाईघाईने परत ओढलं, तरी काही बाहेर निसटलीच, काहींना तर मधोमध चौकोनी भोक. साहजिकच लोक त्याच्याच मागे लागले.

आणि पळवाट तर होतीच. नियम मुख्य सेटपुरता, म्हणून बोमनने (नाव जुनं, मालक टॉप्सच) होतकरू पोरांची कार्डं वेगळ्या नंबरांनी त्याच पाकिटात घालणं चालू ठेवलं. ट्राउटची दोन 'पहिली' कार्डं इथून आली. २०११ च्यावर आरसी शिक्का आहे, २००९ च्यावर नाही, पण २००९ चंच एकमेव प्रत असलेलं सहीचं 'सुपरफ्रॅक्टर' कार्ड २०२० मधे ३९ लाख डॉलरच्या वर गेलं.

२०२२ मधे फॅनॅटिक्स कंपनीने टॉप्स घेतली, आणि २०२३ पासून तर पदार्पणाच्या मॅचला खेळाडूच्या बाहीवर एक खास पॅच शिवतात, मॅच झाली की तो काढून एकुलत्या एक कार्डात बसवतात. पिचर पॉल स्कीन्सचं तसलं कार्ड एका अकरा वर्षांच्या पोराला ख्रिसमसला पाकिटात सापडलं आणि २०२५ मधे ११ लाख डॉलरला गेलं.

मला विचाराल तर आपल्या बजेटला यूएस१७५ च बरं, शिक्का आहे, अंगावर त्याच्या टीमचा, एंजल्सचा ड्रेस आहे, आणि निदान त्या वर्षी तो खरंच खेळला होता.