महागिरी

महागिरी : ठाण्याच्या जुन्या शहरातील खाडीकाठची वस्ती. बाजारपेठ आणि खारकर आळी यांना लागून. कोळी व मुसलमान हे येथील जुने रहिवासी. वस्तीचा एक भाग महागिरी कोळीवाडा म्हणूनच ओळखला जातो.

नावाचा उलगडा महत्त्वाचा आहे. ‘महागिरी’ म्हणजे मोठा डोंगर, हा सरळ संस्कृत अर्थ स्थळाशी जुळत नाही. जमीन सपाट, भरतीच्या पाण्याजवळची. पारसिकची डोंगररांग आहे ती खाडीपलीकडे आणि येऊरचे डोंगर शहराच्या पश्चिमेला. मराठी आरमाराच्या याद्यांत मात्र गुराब, गलबत, मचवा यांच्या जोडीने महागिरी हे एका जातीच्या तारवाचे (जहाजाचे) नाव येते. अशी तारवे जिथे लागत, त्या काठावरील वस्तीला तेच नाव पडले असावे, ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. आजूबाजूच्या नावांत आळी, नाका, पाडा असे वस्तीदर्शक पद आढळते (खारकर आळी, टेंभी नाका, नौपाडा). महागिरीला ते लागत नाही, हेही या मताला पोषक आहे. तथापि एवढ्यावरून वस्तीचा काळ मराठी अमदानीत नेऊन बसवणे घाईचे ठरेल. नाव तेव्हा रूढ झाले असले, तरी खाडीवर जगणाऱ्यांची वस्ती त्याआधीची असण्याचा संभव आहे. कारण ठाणे शहरच जुने आहे : ते शिलाहार राजघराण्याच्या काळातील श्रीस्थानक होय आणि त्या घराण्यातील अरिकेसरी राजाचा शके ९३९ (इ. स. १०१७) मधील ताम्रपट ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना १७८७ च्या सुमारास मिळाला.

मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून आणि इंग्रजांनी १७७४ मध्ये मराठ्यांकडून ठाणे घेतले. किल्ल्यात पुढे तुरुंग झाला. १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे रेल्वे सुरू झाली, पुढल्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणला पोचली. तारवांनी होणारी मालवाहतूक यानंतर उतरणीला लागली असावी.

मासेमारी टिकली, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे–बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडीतील मासळी घटली. कोळी कुटुंबांचे त्यात फार मोठे नुकसान झाले. ठाण्याच्या इतिहासात किल्ला व देवळे यांना जेवढी जागा मिळते, तेवढी या काठाला मिळालेली नाही; ती मिळायला हवी. नारळी पौर्णिमेला कोळी समाज आजही खाडीला नारळ अर्पण करतो.