रामायणातला कुश, जो मूळ रामायणात नव्हताच

मराठी सिनेमातल्या स्वप्नील जोशीचा विषय निघाला की बडोद्यात आमच्या आईच्या वयाच्या बायका आजही "अगं तो रामायणातला कुश ना" असंच म्हणतात, दांडिया बाजारात काय नि रावपुऱ्यात काय. हे तसं चूक नाही, पण रामानंद सागरांची जी रामायण मालिका दूरदर्शनवर 25 जानेवारी 1987 ला रविवारी सकाळी सुरू झाली त्यात कुश कुठेच नव्हता. तो कसा आला ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि मला ती त्याच्या पुढच्या सगळ्या करिअरपेक्षा महत्त्वाची वाटते.

दूरदर्शनने आधी 52 भाग मंजूर केलेले, लोकांचं वेड बघून ते 78 वर गेले आणि 31 जुलै 1988 ला राज्याभिषेकाने रामायण संपलं. शूटिंग उंबरगावला, आपण मुंबईला जाताना लागतं तेच, गुजरातीत उमरगाम. कथा तिथेच थांबवायची हे ठरलेलं. त्याला कारणंही होती, तुळशीरामायणात सीतात्याग येत नाही, सीतात्याग आणि लव-कुश ज्यात येतात ते शेवटचं उत्तरकांड नंतर जोडलेलं आहे असं मानणारे बरेच अभ्यासक आहेत, आणि गरोदर सीतेला रामाने रानात सोडलं हे घराघरात दाखवणं निर्मात्याला अवघडच जाणार.

पण पंजाबातल्या जालंधरच्या सफाई कामगारांनी काम बंद केलं. हे कामगार बहुतेक वाल्मिकी समाजाचे. वाल्मिकी समाजासाठी महर्षी वाल्मिकी म्हणजे गुरू, देवच, आणि ज्या कांडात ते स्वतः कथेत येतात, सीतेला आसरा देतात, तिच्या मुलांना वाढवतात, तेच कांड गाळून रामायण पूर्ण झालं असं कसं म्हणायचं? संप उत्तर भारतातल्या बऱ्याच शहरांत पसरला, कचरा साठला, रोगराईची भीती झाली आणि शेवटी सरकारने पुढचे भाग करायला मंजुरी दिली. काही लोक आजही म्हणतात की दबावाखाली सरकार झुकलं, कलेत असं चालत नाही वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. 52 चे 78 झाले ते पण लोकांच्या मागणीनेच ना, मग तेव्हा ती लोकप्रियता आणि सफाई कामगारांनी मागितलं की तो दबाव? ज्या शहरात संकल्पभूमी आहे, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यता संपवायचा संकल्प केला ती जागा, तिथल्या माणसाला तरी हा फरक दिसायला हवा. आपण मराठी लोकांना तेव्हा या मागणीचं वजन कळलं नाही, त्याचंही कारण आहे. 1955 पासून गीतरामायण ऐकत आलेल्या घरात कथा सुरूच होते ती कुश-लव गातायत आणि राम ऐकतोय इथून, त्यामुळे ही पोरं वगळून रामायण होऊ शकतं असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

ऑक्टोबर 1988 मध्ये नवे भाग सुरू झाले. नावाचा घोळ इथूनच आहे, कोणी "लव कुश" म्हणतं, कोणी "उत्तर रामायण", आणि बहुतेक जण सरळ रामायणच म्हणतात, मालिका मात्र ती वेगळीच. दोन्ही मुलं मराठी. लव कोण नि कुश कोण यात अजून गोंधळ होतो, पुढे हिरो झाला तो कुश. 1977 चा जन्म, म्हणजे तेव्हा दहा-अकराचा. लव झालेला मुलगा पुढे अमेरिकेत गेला, पडद्यावर राहिला नाही.

कुश मग 1993 च्या श्रीकृष्णात तरुण कृष्ण झाला, नंतर हिंदी मालिका, विनोदी कार्यक्रम, आणि मुंबई-पुणे-मुंबई (2010), दुनियादारी (2013) पासून तो मराठीतला मोठा हिरो, हे सगळ्यांना माहीतच आहे.

2020 च्या लॉकडाउनमध्ये 28 मार्चपासून रामायण परत लागलं. 16 एप्रिलच्या एका भागाला 7.7 कोटी प्रेक्षक असा दूरदर्शनचाच दावा होता, त्या आकड्यावर वादही झाला. 19 एप्रिलपासून उत्तर रामायण. आम्ही सगळे घरात बसून बघत होतो आणि कचरा न्यायला माणसं मात्र रोज सकाळी येत होती. ज्यांच्या संपामुळे हे भाग झाले त्यांचीच ही माणसं, आणि त्या दिवसांत या मालिकेवर जे काही वाचलं-ऐकलं त्यात मला जालंधरचं नाव एकदाही दिसलं नाही. 2 मेला उत्तर रामायण संपलं, 3 मेपासून त्याच वेळेला श्रीकृष्ण लागलं, आणि आमच्या भाचीने काही दिवसांनी विचारलं, मामा, हा तोच कुश का?