ब्लेड रनर (व्हिडिओ गेम) : वगळलेल्या आशयाची पुनर्स्थापना

वेस्टवुड स्टुडिओज या लास व्हेगसच्या कंपनीचा ‘ब्लेड रनर’ हा ॲडव्हेंचर गेम नोव्हेंबर १९९७ मध्ये चार सीडींवर आला. सीडीवर असूनही खेळताना कधीच कानी न पडणारे त्यातले संवाद चाहत्या प्रोग्रामरांनी जागच्या जागी बसवले. गेमरांच्या बोलीत याला ‘कट कन्टेंट परत आणणे’ म्हणतात. रिडली स्कॉट यांच्या १९८२ च्या याच नावाच्या चित्रपटातले नोव्हेंबर २०१९ चे लॉस एंजेलिस हेच गेमचेही स्थळकाळ. नायक मात्र निराळा, रे मॅकॉय.

गेमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ प्रोग्राम, हरवला. वेस्टवुडचे सहसंस्थापक लुई कॅसल यांनी तसे सांगितले आहे. स्टुडिओ २००३ मध्ये बंद पडला. त्यामुळे जुने गेम आजच्या संगणकांवर चालते ठेवणाऱ्या ‘स्कमव्हीएम’ या प्रकल्पाच्या स्वयंसेवकांना यंत्रभाषेतला प्रोग्राम उलगडत एकेका प्रसंगाची आणि पात्राची लिपी (स्क्रिप्ट, म्हणजे कोणी केव्हा काय करावे-बोलावे याच्या सूचना) सी++ या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहावी लागली. काही वर्षे चाललेले हे काम ऑक्टोबर २०१९ मध्ये २.१.० आवृत्तीत सर्वांच्या हाती आले, गेमच्या कथेतला महिना उजाडण्याच्या तोंडावर.

वगळलेले नेमके कशाला म्हणायचे, हा इथला अवघड प्रश्न आहे. कोणते पात्र माणूस आणि कोणते रेप्लिकंट (मानवसदृश कृत्रिम जीव), हे यातल्या बऱ्याच पात्रांबाबत दर नव्या डावाच्या आरंभी यदृच्छेने ठरते. शिवाय मॅकॉयचा स्वभाव सभ्य, तुसडा की लहरी, हेही खेळणारा निवडतो. साहजिकच एखादे वाक्य दहा डावांत ऐकू आले नाही, तरी ते काढून टाकले होते असे म्हणता येत नाही. त्याची पाळीच आली नसेल. निर्णय करायचा तर लिपीच वाचावी लागते. ती वाचल्यावर निदान दोन प्रकार वेगळे दिसतात : एक, ध्वनिमुद्रण आहे पण लिपीत त्याला कुठूनच हाक (ते वाजवण्याची सूचना) नाही, दुसरा, हाक आहे पण तिच्या आधीची अट कधी पुरी होत नाही. पहिला प्रकार बहुधा जाणूनबुजून केलेल्या काटछाटीचा, दुसरा प्रोग्राम लिहिताना राहून गेलेल्या चुकीचा असावा. ही विभागणी सर्वत्र टिकत नाही. वेळेअभावी अर्धवट सोडलेला प्रसंग आणि नको म्हणून गाळलेला प्रसंग लिपीत सारखेच दिसतात.

जे कर्त्यांनी गाळले ते गाळलेलेच राहावे, असे काहींचे मत. सीडीवर जे आहे ते सारे कर्त्यांचेच, असे दुसरे. स्कमव्हीएमने मूळ गेम आणि पुनर्स्थापित आशयाचा गेम असे दोन स्वतंत्र पर्याय ठेवले. पाठचिकित्सेच्या (ग्रंथाचा मूळ पाठ कोणता हे ठरवण्याच्या शास्त्राच्या) शिस्तीला हीच वाट अधिक धरून आहे. प्रोग्राममध्ये परत आणलेल्या भागांच्या दाराशी ‘कटकन्टेंट’ नावाची एक अट असते. ती खोटी असली की तो भाग मिटलेला राहतो. कोणता शब्द १९९७ चा आणि कोणता नंतर बसवलेला, हे त्यामुळे कोणालाही तपासता येते.

परत आलेल्या भागात प्रामुख्याने संवाद आहेत. काही दुवे मॅकॉयच्या ‘किया’ या पुरावे-नोंदयंत्रातही जमा होतात. स्कमव्हीएम फक्त प्रोग्राम पुरवते, गेमच्या फायली वापरणाऱ्याने आपल्या आणायच्या. डिसेंबर २०१९ पासून गॉग या विक्रीस्थळावर प्रोग्राम आणि फायली दोन्ही एकत्र मिळू लागले. मूळ गेमला उपशीर्षके नव्हती. तीही चाहत्यांनी ध्वनिफिती ऐकून उतरवली, ‘सबटायटल्स.मिक्स’ ही वेगळी फाइल गेमच्या फोल्डरात ठेवली की ती पडद्यावर उमटतात.