पावसाचे धावते पाणी आणि सलीम अली सरोवर : पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळ, हिमायतबागेसमोर असलेले सलीम अली सरोवर मुघलकाळात खिजरी तलाव म्हणून ओळखले जात असे. त्याच्या पाण्याचा विषय निघाला की सांडपाण्याकडे बोट दाखवले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र पावसाळ्यात रस्त्यांवरून धावत येणारे पाणी किती घाण आणते, याची दखल फारच कमी घेतली जाते.

वास्तविक हे शहर मुरलेल्या पाण्यावरच उभे राहिले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवली आणि उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी झिरपलेले पाणी भुयारी नहरींतून वस्तीत आणले. पाऊस डोंगरउतारावर जिरला तरच नहर वाहणार, हे त्या व्यवस्थेचे मूळ होते. पुढे १९७० च्या दशकापासून सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या, शहर चहूबाजूंनी वाढले आणि अंगणांतला मुरूम फरशी, काँक्रीट व पेव्हर ब्लॉकखाली गेला. शंभर चौरस मीटरच्या छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तरी सुमारे हजार लिटर पाणी होते. ते मुरायला जागा नसली की थेट नाल्याला लागते.

मृगाच्या पहिल्या सरीचे पाणी गटारीच्या कडेने काळपट, तेलकट तवंग घेऊन वाहते. त्यात टायरची भुकटी, शेण, बांधकामाची माती आणि गुटख्याच्या पुड्या असतात. मातीच्या कणांना चिकटून फॉस्फरस तलावात उतरतो, त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसते, आणि ती कुजू लागली की पाण्यातला प्राणवायू घटून मासे मरतात. जलपर्णी काढणे आवश्यकच आहे, पण गाळ येतच राहिला तर ती पुन्हा वाढते.

मराठवाड्याच्या ग्रामीण भागाला यावरचा उपाय ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर बांधबंदिस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर झाली, आणि जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने ‘माथा ते पायथा’, म्हणजे डोंगरमाथ्यापासून खाली क्रमाने पाणी अडवत-जिरवत येणाऱ्या, पाणलोट विकासातून काय साधते हे दाखवून दिले. शहरात मात्र हा क्रम उलटा झाला: आधी तलावाचे सुशोभीकरण, पाणलोटाचा विचार नंतर. वास्तविक वरच्या वस्त्यांत शोषखड्डे, रस्त्याकडेला गवताळ चर आणि तलावाच्या तोंडाशी गाळ बसवणारे कुंड, ही कामे आधी व्हायला हवीत. काळी माती भिजली की फुगून पाणी अडवते, म्हणून शोषखड्डा खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. आणि त्यात छताचे पाणी गाळूनच सोडावे, रस्त्याचे तेलकट पाणी गवताळ चरातूनच जाऊ द्यावे.