अन्नखर्च आणि मधुमेह (मराठवाडा)

मधुमेहात रक्तातील साखर गोळीइतकीच ताटावर अवलंबून असते आणि ताटात काय पडायचे ते पुष्कळदा बाजारभाव ठरवतो. मराठवाड्यात ज्वारी हे गरिबाचे धान्य होते. गव्हाची पोळी सणावाराला. पुढे खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा वाढला, हाताने काढणी करण्याची मजुरी परवडेना, ज्वारीचा पेरा घटला आणि भाव चढला. दुसरीकडे 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली ‘प्राधान्य’ गटाचे रेशनकार्ड असलेल्या कुटुंबांना दरमहा माणशी 5 किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून मोफत. पण त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळच असतात. थोडक्यात, ‘कंट्रोल’चा (रेशनचा) भात फुकट आणि भाकरी विकतची.

हे 5 किलो म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम. बाकीची भूक विकत भागवावी लागते. हात आखडला की आधी वरण पातळ होते (2015 च्या दुष्काळी वर्षात तूरडाळ किलोला 200 रुपयांपर्यंत गेली होती), मग भाजी कमी होते आणि पोट भाताने भरले जाते. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदके (पचल्यावर ज्यांची साखर होते) असतात. घट्ट वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी सोबत असेल तर साखर सावकाश चढते. नुसत्या भातावर पातळ आमटी ओतली तर झपाट्याने.

‘ज्वारी कितीही खाल्ली तरी चालते’ हा समज मात्र चुकीचा आहे. तिच्यात पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा तंतू जास्त असतात, पण कर्बोदके गव्हाच्या आसपासच. 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीत ती सुमारे 40 ग्रॅम भरतात. एका जेवणात तीन भाकरी म्हणजे 120.

टंचाईचा दुसरा धोका उलटा: साखर घसरण्याचा. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकले तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येते. पहाटे फडात उतरणाऱ्या ऊसतोड मजुराला हे सहज होऊ शकते. रक्तातील साखर 70 (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली गेल्यास 3 चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर जेवू घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. नुसत्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने साखर अशी क्वचितच घसरते. जेवण टळेल त्या दिवशी कोणती गोळी सोडायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. पैसे वाचवायला गोळी एक दिवसाआड घेणे हा उपाय नव्हे.

स्वस्तातले फेरबदल बरेच आहेत. दळणात 5 किलो गव्हाला 1 किलो हरभरा मिसळता येतो. मोडाची मटकी आणि फुटाणे डाळीची उणीव बऱ्यापैकी भरून काढतात. रानात पाथरी, तांदुळजा या पालेभाज्या फुकट मिळतात. उन्हाळ्यात मात्र त्याही दुर्मीळ होतात. सर्वांत सोपी बचत चहात आहे: कपाला 2 चमचे धरले तर पाच कपांत 50 ग्रॅम साखर जाते. तिच्याऐवजी गूळ घातल्याने काही फरक पडत नाही.