कृष्णधवल छायाचित्रांचे मुद्रण : डार्करूम आणि इंकजेट

कृष्णधवल छायाचित्र कागदावर उतरवण्याच्या दोन पद्धती सध्या प्रचलित आहेत. डार्करूममध्ये निगेटिव्हमधून आलेला प्रकाश प्रकाशसंवेदी कागदावर पाडून रसायनांनी प्रतिमा उमटवली जाते. इंकजेटमध्ये संगणकावरील प्रतिमा शाईच्या अतिसूक्ष्म थेंबांनी छापली जाते. पहिल्या प्रकारात चित्र जिलेटिनच्या थरात रुतलेल्या चांदीच्या कणांचे असते, तर दुसऱ्यात कागदावरील लेपाने धरून ठेवलेल्या शाईचे. कडक उन्हाळा आणि कृष्णेचा पूर हे दोन्ही अनुभवणाऱ्या सांगलीत हा फरक केवळ अभिरुचीपुरता राहत नाही.

डार्करूममध्ये तांबड्या किंवा नारिंगी दिव्याखाली, एन्लार्जरमधून (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून पाडणाऱ्या यंत्रातून) प्रकाश मिळालेला ब्रोमाइड पेपर, म्हणजे हाच प्रकाशसंवेदी कागद, आधी प्रतिमा उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये, मग ती क्रिया थांबवणाऱ्या सौम्य ॲसिटिक आम्लात आणि शेवटी प्रतिमा पक्की करणाऱ्या हायपोत बुडवून भरपूर पाण्यात धुतला जातो. धुण्यात कसूर झाली, तर उरलेल्या हायपोमुळे चित्र कालांतराने पिवळे पडते. प्रकाश पडत असताना तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा हलता ठेवून चेहऱ्यावर सावली धरणे किंवा ओंजळीच्या फटीतून आभाळाला जादा प्रकाश देणे, ही कारागिराची खरी करामत असते आणि ती दोन प्रतींत तंतोतंत सारखी साधत नाही. डेव्हलपरचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानले जाते. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीकडे झुकत असल्याने ट्रेभोवती बर्फ ठेवावा लागतो. अन्यथा चित्र भराभर काळवंडते, जिलेटिन मऊ पडून कडा सुटू लागतात. हायपोत तुरटी घालण्याचा प्रघात आहे तो हाच थर घट्ट करण्यासाठी. विजेचा दाब कमीजास्त झाला की एन्लार्जरच्या दिव्याचा उजेडही बदलतो, म्हणून दाब स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर नसल्यास, कागदाच्या चाचणीच्या पट्टीवर कमीजास्त प्रकाश देऊन काढलेली वेळ फसते.

साध्या रंगीत इंकजेट यंत्रात करडी छटा निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून तयार होते. त्यामुळे उन्हात बरा दिसणारा प्रिंट ट्यूबलाइटखाली हिरवट किंवा जांभळट भासू शकतो. २००५ च्या सुमारास एप्सनने एकाच वेळी काळ्या शाईच्या तीन छटा वापरणारी यंत्रे आणली आणि ही अडचण बरीच कमी झाली. चकचकीत आणि मॅट कागदांसाठी काळी शाई वेगवेगळी लागते. उत्तम चकचकीत इंकजेट कागदावरचा काळा रंग ब्रोमाइडच्या तोडीचा, कधी त्याहून गडदही असतो. मॅट कागदावर मात्र तो फिका राहतो. इंकजेटची खरी उणीव उजळ भागांत दिसते. तेथे शाई जवळजवळ नसल्याने प्रिंट तिरपा धरल्यावर पांढऱ्या आणि काळ्या भागांची चकाकी वेगळी दिसते, तर जिलेटिनचा थर सर्वत्र सलग असतो. म्हणूनच ब्रोमाइडची नक्कल करू पाहणाऱ्या चकचकीत प्रिंटपेक्षा सुती मॅट कागदावरचा, स्वतःच्या चालीने चालणारा प्रिंट अधिक समाधान देतो. यंत्र बराच काळ बंद राहिल्यास नोझलमध्ये शाई सुकते. पावसाळ्यात कागद दमट होऊन वळतो आणि त्याची कड शाई सोडणाऱ्या हेडला घासते.

टिकाऊपणाची परीक्षा पाण्यात होते. ऑगस्ट २०१९ मधील महापुरासारख्या प्रसंगी भिजलेल्या ब्रोमाइड चित्रातील चांदी सहसा वाहून जात नाही, पण जिलेटिन फुगते आणि वाळताना समोरच्या काचेला किंवा अल्बमच्या पानाला घट्ट चिकटते. अशी चित्रे ओली असतानाच स्वच्छ, थंड पाण्यात हलकेच सुटी करून, चित्राच्या बाजूला हात न लावता, उताणी वाळवावीत. दोन दिवसांत हे जमणार नसेल, तर ती गोठवून ठेवावीत, कारण त्यानंतर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. इंकजेटमध्ये सरसकट एकच उत्तर नाही: डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) पाण्याने पसरते, पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) बहुधा टिकते, परंतु मॅट कागदाच्या तंतूंत शिरलेला गाळ पुसायला गेल्यास शाईही खरवडली जाते. काचेला चिकटून वाळलेले जुने चित्र ओढून काढू नये. काचेसकट त्याचे स्कॅन करून घ्यावे आणि त्यावरून तीन काळ्या छटांच्या शाईने नवी प्रत छापावी.