भेसळ टेस्टमध्ये पास कशी होते?

मध खरा की खोटा हे ओळखायचा एक व्हिडिओ दर थोड्या दिवसांनी मला कुणी ना कुणी पाठवतंच. पाण्याच्या ग्लासात मधाचा थेंब सोडायचा, तो तसाच तळाशी जाऊन बसला तर मध अस्सल आणि पसरला तर भेसळ. पाठवणाऱ्याच्या घरात लहान मूल असतं, कुणी आजारी असतं, काळजीपोटी पाठवतात, त्यामुळे नुसता अंगठा दाखवून सोडून द्यावंसं वाटत नाही.

तर आधी तो थेंब. मध पाण्याच्या साधारण १.४ पट जड असतो, बुडणारच. पण साखरेचा घट्ट पाकही जवळजवळ तेवढाच जड असतो, तोही तसाच बुडतो. उलट अस्सल मधात ओलावा जरा जास्त असेल किंवा दिवस गरम असेल तर तो पटकन पसरतो आणि बिचारा नापास होतो. म्हणजे या टेस्टने आपण मोजतो काय, तर घट्टपणा, आणि पाक किती घट्ट करायचा हे तर भेसळ करणाऱ्याच्याच हातात असतं. तसंच मध बाटलीत रवाळ होऊन बसला की साखर घातली म्हणून टाकून देणारेही खूप आहेत, प्लीज टाकू नका, त्यात ग्लुकोजचं प्रमाण जास्त असलं की मध आपोआप असा होतो.

आता कुणी म्हणेल की घरची टेस्ट कच्ची असणारच, लॅबमध्ये पाठवा. पण लॅबमधली टेस्टसुद्धा एक ठरावीक प्रश्न विचारते आणि तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देते. हे सगळ्यात भयानक रीतीने दिसलं ते २००८ मध्ये, चीनमध्ये, बाळांच्या दुधाच्या पावडरीत.

दूध विकत घेणाऱ्या कंपनीला भीती असते पाण्याची, म्हणून ती दुधातलं प्रोटीन मोजते, पाणी घातलं की प्रोटीन कमी भरतं. पण प्रोटीन थेट मोजणं किचकट, त्यामुळे जगभर एक जुनी पद्धत वापरात होती (अजूनही आहे). १८८३ मध्ये योहान केल्डाल या डॅनिश केमिस्टने कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये ती शोधली. नमुना तीव्र सल्फ्युरिक अॅसिडमध्ये खूप वेळ उकळायचा, सगळं काळंकुट्ट होतं आणि मग हळूहळू द्रावण स्वच्छ होत जातं, तोवर नमुन्यातल्या नायट्रोजनचं अमोनियम सल्फेट झालेलं असतं. मग त्यात अल्कली घालून अमोनिया मोकळा करायचा, दुसऱ्या फ्लास्कमध्ये पकडायचा आणि मोजायचा. जो नायट्रोजन सापडेल त्याला दुधासाठी ६.३८ ने गुणायचं, आलं प्रोटीन. पद्धत फार सुंदर आहे, एकच गोष्ट तिने गृहीत धरलेली आहे, की दुधातला नायट्रोजन जवळपास सगळा प्रोटीनमधूनच येतो. कुणी मुद्दाम दुसरीकडून नायट्रोजन आणून ओतेल हे गृहीतकात बसतच नाही.

मेलामाइन हे प्लास्टिकच्या प्लेट आणि लॅमिनेट बनवताना वापरायचं रसायन, आणि त्याच्या वजनातला दोन तृतीयांश भाग नुसता नायट्रोजन असतो. लिटरभर पातळ केलेल्या दुधात १ ग्रॅम मेलामाइन टाकलं तर हिशेबात सव्वाचार ग्रॅम प्रोटीन वाढलेलं दिसतं. लिटरभर चांगल्या दुधात मुळात बत्तीस-तेहतीस ग्रॅम प्रोटीन असतं, त्यावरून बघा किती पाणी खपून जाईल. ज्याने हे केलं त्याला ती टेस्ट आतून-बाहेरून माहिती होती, त्याने ती फसवली असंही म्हणता येत नाही, टेस्टने विचारलं नायट्रोजन किती आणि त्याने तो पुरवला.

बाळांच्या लघवीत युरिक अॅसिड मोठ्यांपेक्षा जास्त असतं, मेलामाइन त्याच्याशी जुळून बारीक खडे बनवतं, आणि पावडरचं दूध हेच ज्या बाळाचं सगळं जेवण त्याच्या पोटात ते रोज, प्रत्येक बाटलीतून जात राहिलं. काही महिन्यांच्या बाळांना मुतखडे झाले. जवळजवळ ३ लाख मुलं आजारी पडली, ५० हजारांहून जास्त हॉस्पिटलमध्ये भरती झाली आणि सरकारी आकड्यानुसार ६ बाळं गेली. हे लिहिताना मला अजूनही कसंतरी होतं, कारण त्याच्या आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात हेच मेलामाइन सापडलं होतं आणि प्राणी मेले होते. युक्ती जगाला कळलेली होती. बाळांच्या दुधाला तो प्रश्न वेळेत कुणी विचारला नाही.

आता परत मधाकडे. इथे शास्त्रज्ञांनी फार हुशारीचा प्रश्न शोधला. हवेतल्या कार्बनमध्ये साधारण १ टक्का कार्बन जरा जड असतो, कार्बन-१३. ऊस आणि मका ही झाडं प्रकाशसंश्लेषण वेगळ्या वाटेने करतात, त्यांच्या साखरेत हा जड कार्बन थोडा जास्त राहतो, आणि मधमाश्या ज्या फुलांवर जातात त्यातली बहुतेक झाडं दुसऱ्या प्रकारची, त्यांच्यात तो कमी. म्हणून मधात उसाचा किंवा मक्याचा पाक घातला की जड कार्बनचं प्रमाण चढतं. त्याहून सुंदर भाग असा की तुलना बाहेरच्या कुठल्या मधाशी करावी लागत नाही, मधात अगदी थोडं प्रोटीन असतं, ते माशीकडून आणि परागकणांतून आलेलं, पाक घालणाऱ्याचा हात तिथपर्यंत पोचत नाही, त्यामुळे मधातला कार्बन आणि त्याच मधातल्या प्रोटीनमधला कार्बन शेजारी ठेवून बघायचं, दोन्ही जुळले पाहिजेत. मधाने स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची, असंच म्हणा ना.

पण मग भेसळ करणारे तांदळाच्या आणि बीटच्या पाकाकडे वळले. भात आणि बीट ही झाडं त्याच दुसऱ्या प्रकारची, फुलांसारखाच कार्बन, टेस्ट आरामात पास. त्यामुळे आता एनएमआर मशीनवर (तीव्र चुंबकाच्या मदतीने रेणू ओळखणारं यंत्र) मधातल्या असंख्य घटकांचा एकदम आलेख काढतात आणि तो अस्सल मधांच्या आलेखांशी ताडून बघतात. युरोपियन युनियनने २०२१-२२ मध्ये बाहेरून आलेल्या मधाचे ३२० नमुने अनेक पद्धतींनी तपासले तेव्हा १४७ संशयास्पद निघाले, म्हणजे ४६ टक्के. संशयास्पद म्हणजे भेसळ सिद्ध झाली असं नाही, हा फरक बातम्यांच्या हेडलाइनमध्ये हरवतो. तरी आकडा छोटा नाहीच.

तिसरा प्रसंग वेगळाच आहे, कारण तिथे प्रश्न अवघड नव्हता, कुणाला सुचलाच नव्हता. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्न सुरक्षा यंत्रणेने बाजारातले २७ बीफ बर्गर घेऊन त्यांचा डीएनए तपासला. १० मध्ये घोड्याचा डीएनए निघाला, २३ मध्ये डुकराचा, आणि एका बर्गरमध्ये तर बीफच्या तुलनेत घोडा २९ टक्के. मग इतर देशांनी शोधायला सुरुवात केली तर काही तयार लझान्याच्या पॅकेटांत ६० ते १०० टक्के मांस घोड्याचं. त्यातल्या एका मालाचा माग काढला तर मांस रोमानियातलं, मधले व्यापारी सायप्रस आणि नेदरलँड्सचे, मग फ्रान्स, कारखाना लक्झेंबर्गमध्ये आणि विक्री ब्रिटनमध्ये. रोमानियाचं म्हणणं होतं की आमच्याकडून निघालं तेव्हा कागदावर घोडाच लिहिलेलं होतं. म्हणजे मांस तेच राहिलं, वाटेत कुठेतरी कागद बदलला.

घोड्याचं मांस विषारी नसतं, कित्येक देशांत खातात, मग लोक एवढे का चिडले, असं तेव्हा काही जण विचारत होते. मला तो प्रश्न चुकीचा वाटतो. ज्याने डुक्कर खायचं नाही असं ठरवलंय त्याला त्याच्या नकळत ते खायला घातलं गेलं, यात विषाचा संबंधच येत नाही. आणि दुसरं म्हणजे जो माणूस लपवून काहीतरी घालतो तो सुरक्षिततेची तपासणी करून घालत नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला १८५८ मध्ये गोळ्या-मिठाईत साखर वाचवायला जिप्समची पूड घालायची सर्रास पद्धत होती, निरुपद्रवीच समजायचे, एकदा दुकानदाराकडून जिप्समऐवजी चुकून आर्सेनिक दिलं गेलं आणि सुमारे २० माणसं मेली. चोरून घातलेल्या वस्तूला लेबल नसतं, त्यामुळे चूक झाली तरी ती पकडणार कोण?

जे आपल्याला दुकानात बघून कळत नाही, खाऊनही कळत नाही, अशा मालाचा बाजार अर्थशास्त्रज्ञांना बराच काळ छळतोय. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या उदाहरणावरून दाखवलं की घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता आलं नाही तर तो सगळ्यालाच मध्यम भाव देतो, मग चांगला माल आणणाऱ्याला परवडत नाही आणि तो बाजारातून जातो. भेसळीत खाणारा फसतोच, पण सचोटीने मध काढणारा आधी बुडतो, आणि त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

उपाय म्हणाल तर मला स्वतःला मशीनइतकाच हिशेबाच्या वहीवर भरवसा वाटतो. एखाद्या गोदामात ऑरगॅनिक माल ६० टन आला आणि विकला गेला १०० टन, हे कुठलंही मशीन न लावता दिसतं, फक्त न सांगता जाऊन दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघणारं कुणीतरी हवं. आणि लॅबने अधूनमधून असेही प्रश्न विचारावेत जे नियमात लिहिलेले नाहीत, घोडा सापडला तो असाच. आपल्या पातळीवर एवढंच करता येतं की दळलेल्यापेक्षा अख्खं घ्यावं, मधले हात जितके कमी तितकं बरं, आणि बाजारापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर खूश व्हायच्या आधी तो माल एवढा स्वस्त पडतो कसा हे विचारावं.

मेलामाइनसाठी नंतर नियम झाला, २०१० मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय संस्थेने बाळांच्या पावडरीत किलोमागे १ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरवली, त्या रेणूचा थेट शोध घेणाऱ्या टेस्ट रूढ झाल्या, तो दरवाजा बऱ्यापैकी बंद झाला. पण आईबापांना हे पटायला हवं ना. चीनमधून लोक हाँगकाँगला जाऊन दुधाच्या पावडरीचे डबे आणत राहिले, इतके की तिथल्याच बाळांना कमी पडायला लागले आणि मार्च २०१३ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ पाच वर्षांनी, हाँगकाँगला कायदा करावा लागला की बाहेर जाताना माणशी १.८ किलोच नेता येईल, साधारण दोन डबे. त्यापेक्षा जास्त घेऊन सीमा ओलांडताना लोक पकडले जात होते, आणि त्यांच्या बॅगेत होती बाळाच्या दुधाची पावडर.